महाड नगरपालिका : ठरावामागील मतदार आणि प्रभागाच्या इतिहासाचा प्रश्न

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. १६७० साली सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींचे पार्थिव याच गावी आणले गेले, असे परंपरा सांगते. उमरठचा माणूस ज्या बाजारपेठेत आणि ज्या न्यायालयात पिढ्यान् पिढ्या येत राहिला त्या महाड शहराची ओळख १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने निश्चित झाली आहे. दोन्ही ठिकाणांचा इतिहास पराक्रमाच्या एखाद्या दिवसाभोवती लिहिला गेला. हे स्वाभाविक असले तरी त्यामुळे या परिसरातील स्थानिक निवडणुकीचा, म्हणजे मत कोणी, कोणत्या हद्दीत आणि कोणत्या अधिकाराने दिले याचा इतिहास जवळजवळ अलिखित राहिला आहे. महाडविषयीच्या लेखनात ही उणीव कोठे जाणवते आणि तिच्यामुळे कोणता प्रश्न नजरेआड होतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ठराव करणारी संस्था

महाडविषयीच्या बहुतेक लेखनात नगरपालिका दोन क्रियापदांपुरती येते : तिने ठराव केला आणि तिने ठराव मागे घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक त्यावेळी नगरपालिकेच्या नेतृत्वस्थानी होते. ठराव तीन वर्षे कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

धनंजय कीर यांचे चरित्र असो वा चां. भ. खैरमोडे यांचे बहुखंडी चरित्र, या घटनाक्रमाचा केंद्रबिंदू चरित्रनायक हाच राहतो. आनंद तेलतुंबडे यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सत्याग्रहाला कोकणच्या सामाजिक व आर्थिक पार्श्वभूमीवर उभे केले, हे त्या ग्रंथाचे मोठे योगदान होय. तथापि महाडविषयीच्या एकूण लेखनात ठराव रद्द होण्याचे कारण 'सनातन्यांचा दबाव' या शब्दांत सांगितले जाते. दबाव होता, यात शंका नाही. पण दबाव ज्या वाटेने सभागृहापर्यंत पोहोचतो ती वाट कोणती, हा प्रश्न विचारला जात नाही. ती वाट मतदार यादीची होती, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१८८२ च्या रिपन ठरावानंतर आणि पुढे १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार नगरपालिकेत निवडून आलेले सभासद बसू लागले. परंतु मताधिकार कर व मालमत्ता यांच्याशी जखडलेला होता. तळ्याकाठी घरे असलेला करदाता हा सभासदाचा मतदार होता. ज्यांना पाणी नाकारले जात होते ते बव्हंशी त्या यादीबाहेर होते. त्यातही एक बारकावा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा वाटतो. महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांपैकी मोठा भाग कुलाबा, रत्नागिरी आदी जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून आला होता. महाडच्या बाजारात येणाऱ्या अस्पृश्यांना दिवसभर पाण्यावाचून राहावे लागे, ही रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना जाचणारी वस्तुस्थिती परिषदेमागील एक प्रेरणा होती. म्हणजे तळ्याचा प्रश्न जितका शहरातील रहिवाशांचा होता तितकाच शहर वापरणाऱ्या, पण शहरात मत नसणाऱ्या माणसांचाही होता. गरीब रहिवासी निदान मताधिकार वाढण्याची वाट पाहू शकत होता. खेड्यातील माणसाला नगरपालिकेच्या हद्दीत तशी आशाही नव्हती. १९२४ चा ठराव सभासदांना स्वस्तात करता आला, कारण तो अमलात आणण्याची मागणी करणारा मतदार नव्हता. १९२७ साली तो रद्द करणेही स्वस्तच होते.

पुढे न्यायालयीन लढ्यात याच संस्थेच्या अस्तित्वाने वेगळे वळण दिले. तळे ही नगरपालिकेच्या ताब्यातील मालमत्ता असून अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निष्कर्ष काढून न्या. ब्रूमफील्ड यांनी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल दिला. सभागृहाने जे मागे घेतले ते न्यायालयाने, संस्थेच्या सार्वजनिक स्वरूपाचा आधार घेत, परत दिले. मतपेटीतून मात्र ते आले नाही.

प्रभागाची हद्द

२४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराची चर्चा प्रायः कायदेमंडळातील राखीव जागांपुरती मर्यादित राहते. त्यातील आठवे कलम स्थानिक संस्थांविषयी आहे : त्यांच्या निवडणुकीत दलित वर्गीयांवर कोणतीही अपात्रता लादली जाऊ नये आणि त्यांना न्याय्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी प्रयत्न व्हावा. या कलमाला घटनात्मक बळ येण्यास सहा दशके लागली. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा (महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या) आणि चक्रानुक्रमाने आरक्षणाची तरतूद केली. प्रौढ मताधिकार त्याआधीच आला होता.

यादीचा प्रश्न सुटला, पण हद्दीचा प्रश्न तिच्या जागी आला. महाराष्ट्रात नगरपरिषदेचा प्रभाग कधी एकसदस्यीय तर कधी बहुसदस्यीय राहिला आहे. नगराध्यक्ष २००१ साली थेट जनतेतून निवडला गेला, २००६ साली नगरसेवकांमधून, २०१६ साली पुन्हा थेट; २०२० साली ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ साली परत आली. अशा स्थितीत 'प्रभाग क्रमांक अमुक' चे दोन निवडणुकांतील आकडे शेजारी मांडून पक्षाची ताकद वाढली वा घटली असे सांगणारी विवेचने, मग ती वृत्तपत्रीय असोत वा पदवीसाठीच्या प्रबंधिकांतील, पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने टिकत नाहीत. क्रमांक तोच असतो. वस्ती, जागांची संख्या आणि आरक्षण बदललेले असते.

२७ नोव्हेंबर २०१६ रोजी महाडमध्ये द्विसदस्यीय प्रभाग पद्धतीने मतदान झाले. प्रत्येक प्रभागात 'अ' आणि 'ब' अशा दोन जागा आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक मत अशी ही रचना आहे. लहान शहरात अनुसूचित जातींच्या जागा मोजक्याच असतात. एकसदस्यीय प्रभागात अशा जागेवरील नगरसेवक एका वस्तीला उत्तरदायी राहण्याची शक्यता असते. प्रभाग दुप्पट झाला की त्या वस्तीचे मत मोठ्या मतदारसंघात विरघळते आणि राखीव जागेचा उमेदवारही इतरांच्या पसंतीवर अवलंबून राहतो. याउलट, सर्वसाधारण जागेच्या उमेदवारालाही त्या वस्तीत मत मागायला जावे लागते, हा युक्तिवाद केला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र पुढच्या निवडणुकीत आरक्षण सोडतीने दुसरीकडे गेले, की निवडून आलेल्याला त्याच मतदारांपुढे हिशेब देण्याचा प्रसंगच उरत नाही. संयुक्त मतदारसंघातील राखीव प्रतिनिधी नेमका कोणाला उत्तरदायी, हा १९३२ चा वाद येथे प्रभागाच्या नकाशात शिरलेला दिसतो.

पोलादपूरचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील नगरपंचायतीची निवडणूक २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन दिवशी झाली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्याने त्या प्रवर्गाच्या जागा सर्वसाधारण ठरवून त्यांच्यासाठी नंतर मतदान घ्यावे लागले. सतरा प्रभागांची एकच निवडणूक, पण काही प्रभागांचे स्वरूप प्रक्रिया सुरू असतानाच बदलले. शेजारच्या उमरठच्या मतदाराला या सगळ्याची झळ नव्हती. त्याचे मत ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत. बाजारासाठी पोलादपूर वा महाड गाठणाऱ्या या मतदाराचे नाव मात्र आजही तेथील कोणत्याही प्रभागाच्या यादीत नसते.

महाडबाबत आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुराने शहर उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर काही महिन्यांतच २०१६ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली. आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकाकडे गेला आणि मतदान थेट २ डिसेंबर २०२५ रोजी झाले. मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. शहर पुरातून सावरत होते त्या काळाचा बराच भाग निवडलेल्या सभागृहाविना गेला. १९२४ आणि १९२७ या दोन्ही ठरावांच्या मागे निदान सभासद होते. कोण बाजूने, कोण विरोधात, हे शोधता येते. प्रशासकाच्या काळातील इतिवृत्तात उद्याच्या संशोधकाला निर्णय सापडतील, त्यांवरील मतभेद सापडणार नाहीत.