लॅम्डामूचे गाव आणि बहिष्काराचा प्रश्न

ज्युलियन डिबेल या अमेरिकन लेखकाचा ‘अ रेप इन सायबरस्पेस’ हा निबंध डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. संगणकावरील समाजजीवनाची चर्चा करताना अभ्यासक या निबंधाकडे वारंवार वळतात. गावकुसाबाहेर उभे राहून तो वाचला तर काय दिसते, एवढेच मला येथे मांडायचे आहे. ज्यांना अजून पाणवठ्यासाठी भांडावे लागते त्यांनी पडद्यावरच्या बाहुल्यांची चिंता कशाला करावी, असे कोणी म्हणेल. पण गाव केवळ दगडमातीचे नसते. कोणी कोणाशी कसे वागावे, कोणाला बाहेर काढावे, याच्या नियमांनी गाव बनते. असे एक गाव पायापासून कसे उभे राहिले, याची नोंद या निबंधात आहे. म्हणून तो आपल्या कामाचा.

लॅम्डामू हे निव्वळ शब्दांचे गाव. पॅव्हेल कर्टिस या संशोधकाने झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील केंद्रात ते १९९० च्या सुमारास वसवले. तेथे चित्रे नव्हती. टंकलेली वाक्ये म्हणजेच माणसे, घरे, व्यवहार. नाव हवे ते घ्यावे, स्त्री व्हावे, पुरुष व्हावे किंवा दोन्ही नाकारावे. मार्च १९९३ मधील एका रात्री ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने तेथील दिवाणखान्यात एक करणीची बाहुली बाहेर काढली. बाहुली म्हणजे एक प्रोग्राम. दुसऱ्याच्या नावावर वाटेल ती कृती लिहिण्याची सोय त्यात होती. त्या योगे बंगलने इतर पात्रांवर किळसवाणे लैंगिक अत्याचार लादले, आणि ते सारे उपस्थितांच्या पडद्यावर उमटत राहिले.

यावर काही रहिवाशांनी जो उपाय सुचवला तो मला फार ओळखीचा वाटला. त्या गावात एखाद्याचे शब्द आपल्यापुरते बंद करण्याची आज्ञा होती. ती वापरायची, म्हणजे त्रास संपला! डोळे मिटा, कान झाका. पण बळीच्या पडद्यावरून शब्द पुसले तरी भोवतालच्या दहाजणांच्या पडद्यावर ते राहणारच. अपमान पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पुरा होतो, हे चावडीसमोर शिव्या खाल्लेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ केलेल्या अवमानाची अट आहे ती उगीच नव्हे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यूट्यूबवरील मजकुराच्या एका प्रकरणात हेच तत्त्व पडद्याला लावले. अवमानित व्यक्ती समोर हजर नसली तरी इंटरनेट हे लोकांच्या दृष्टीतलेच ठिकाण, असा त्याचा आशय. डिबेलच्या गावकऱ्यांना १९९३ साली हे उमगत नव्हते, आणि निबंधातील माझ्या मते सर्वांत प्रामाणिक पाने त्या गोंधळाचीच आहेत.

बळी पडलेल्या पात्रामागच्या स्त्रीने दुसऱ्या दिवशी बंगलला गावातून नाहीसे करण्याची मागणी केली. तेथे या शिक्षेला ‘टोडिंग’ म्हणत. जुन्या खेळांत जादूगार अपराध्याचा बेडूक करी, त्यावरून आलेला हा शब्द. आपल्या भाषेत तो बहिष्कार. हा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. बाबासाहेबांनी १९२७ साली पत्राचे नावच ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, आणि बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळात २०१६ साली मंजूर व्हावा लागला. बहिष्कार हे आपल्याकडे बळीच्या हातचे हत्यार कधी नव्हते. लॅम्डामूत ते बळी मागत होता, आणि द्यायला कोणी नव्हते. कारण डिसेंबर १९९२ मध्येच कर्टिसने जाहीर केले होते की ‘विझर्ड’ म्हणजे तेथील सर्वाधिकारी यापुढे फक्त यंत्र सांभाळतील, सामाजिक निवाडे करणार नाहीत. सत्ता सोडली, पण कायदा दिला नाही! शासनाने ‘हा गावाचा अंतर्गत प्रश्न’ म्हणावे तसे हे झाले. तीसएक जणांची सभा भरली, खूप बोलणे झाले, निर्णय झाला नाही. शेवटी एका विझर्डने एकट्याने, कोणालाही न विचारता बंगलला पुसून टाकले. त्यानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. एका जखमेतून गावाला लोकशाही आली, हे डिबेल मोठ्या ताकदीने दाखवतो.

पण बंगल परत आला. दुसरे खाते, दुसरे नाव. आमच्या बहिष्कृताला ही सोय कधी मिळाली होती?

याच ठिकाणी डिबेलचा निबंध मला अपुरा वाटतो, आणि लिसा नाकामुरा यांनी १९९५ साली याच गावावर लिहिलेला लेख त्याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. त्या दाखवतात की तेथे लिंग निवडावेच लागे, वंश मात्र विचारला जात नसे. म्हणून न सांगणारा प्रत्येक जण गोरा धरला जाई. पुढे वांशिक छळाला शिक्षा असावी असा अर्ज आला, तेव्हा विरोधकांचा युक्तिवाद असा की वंश दिसतच नाही, ज्याने तो सांगितला त्याने त्रास ओढवून घेतला. म्हणजे सुरक्षित राहायचे तर लपून राहा. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथा ज्याने वाचली आहे त्याला या युक्तिवादाची किंमत माहीत आहे. तेथील नायक जात लपवून जगतो. ती उघडी पडते तेव्हा मार खातो, आणि मारणाऱ्यांच्या लेखी गुन्हेगार तोच ठरतो. नाकामुरांच्या लेखातील विरोधक आणि बागुलांच्या कथेतील मारेकरी यांच्यात समुद्राचे अंतर आहे. तर्क मात्र एकच आहे.

याच्या उलट टोकाचा उपाय पुढे मोठ्या कंपन्यांनी आणला. प्रत्येकाने खरे नाव लावावे म्हणजे बंगल जन्मणार नाहीत, असे फेसबुकचे आणि २०११ मध्ये गूगल प्लसचेही धोरण होते. मराठी माणसाचे खरे नाव म्हणजे आडनाव आले, आणि आडनावावरून जात ताडण्यात आपला समाज पटाईत आहे. बंगलला पकडण्यासाठी लावलेला दिवा आधी आमच्या पोरांच्या तोंडावर पडतो. आमच्या कित्येक तरुणांनी पडद्यावर आडनाव गाळून नुसते नाव आणि बापाचे नाव ठेवले आहे. काहींनी मात्र ‘जय भीम’ हेच नावापुढे ठसठशीत लिहिले आहे, आणि रोज येणाऱ्या शिव्याही ते वाचतात. या दोघांनाही सारखेच राहता येईल असा नियम लॅम्डामूच्या मतपेटीतून निघाला नाही, आणि तसा तो का निघाला नाही हे डिबेलने विचारलेलेच नाही.