चापाचे रसग्रहण

काव्यसमीक्षा लिहायला मराठीत एम.ए. व्हावे लागते आणि नाट्यसमीक्षा लिहायला फुकटचा पास लागतो. मी पडलो बी.कॉम. आणि माझ्याजवळचा एकमेव पास म्हणजे मुलुंड ते सी.एस.एम.टी., सेकंड क्लास, तोही रोख पैसे मोजून काढलेला. त्यामुळे समीक्षक व्हायची माझी हौस आजवर बायकोच्या आमटीपलीकडे गेली नव्हती, आणि तिथेही ती फार काळ टिकली नाही. पण गेल्या महिन्यात माझ्याकडे समीक्षेचे एक काम चालून आले, आणि तेही थेट टेक्सासहून.

रविवारी सकाळी सात वाजता भाच्याचा फोन आला. माझ्या थोरल्या बहिणीचा हा मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो जेव्हा "मामा, मी आता तिकडेच राहणार" असे म्हणाला, तेव्हा मी त्याला एक वाक्य बोललो होतो. ते इथे लिहीत नाही. त्यात 'आई', 'म्हातारपण' आणि 'डॉलर' असे तीन शब्द होते. उरलेले वाक्य कोणीही मराठी मामा स्वतःचे स्वतः जुळवू शकेल. तेव्हापासून दिवाळीला त्याचा फोटो येई, फोन येत नसे. आणि आता हा फोन!

"मामा, तुला बंदुकीतलं कळतं ना रे?"

"मला?"

"तुमच्या बँकेत तो दुनळीवाला तुझ्या टेबलाजवळच बसतो ना?"

तीन वर्षांनी आलेल्या फोनला "नाही" म्हणणारा मामा मला दाखवा. मी म्हटले, "कळतं म्हणजे, अगदीच कळत नाही असं नाही."

मग त्याने प्रश्न सांगितला. त्याने म्हणे एक रायफल घेतली आहे, रूगर कंपनीची टेन-ट्वेंटीटू. हे मॉडेल १९६४ सालचे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठे. बावीस बोअरची, दहा गोळ्यांची, अर्धस्वयंचलित. म्हणजे चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढची आपली आपण येऊन बसते. रविवारी तो मित्रांबरोबर रेंजवर जाऊन कागदावर नेम धरतो. कंपनीने दिलेला चाप त्याला जड वाटतो. तो बदलून चांगला बसवायचा आहे. कुठला बसवू?

आपल्याकडे असा प्रश्न मामाला कोणी विचारत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढायचा म्हणजे काय प्रकार आहे ते ज्यांनी काढला त्यांना विचारा. साध्या परवान्यावर बाळगायच्या हत्यारांची संख्यासुद्धा २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची दोन झाली. आमच्या सोसायटीत हत्यार म्हणावे असे एकच, ते म्हणजे सेक्रेटरीचे नोटीस लिहायचे पेन.

आणि 'चाप' या शब्दाशी माझा संबंध तरी किती? एक चाप सौ.च्या केसांतला, जो रोज सकाळी सापडत नाही. दुसरा हेड ऑफिसच्या परिपत्रकातला : "स्टेशनरीच्या खर्चाला चाप लावण्यात यावा." तिसरा सुभेदारांच्या बंदुकीचा. सुभेदार म्हणजे आमच्या शाखेचे रक्षक, फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांच्या बंदुकीला चाप दोन. दुनळीच ती, पुढचा चाप एका नळीचा, मागचा दुसरीचा. इतकी वर्षे मी समजत होतो, एक चालला नाही तर दुसरा असावा म्हणून असेल. सरकारी खरेदीत जशी दोन पेने येतात तशी.

सोमवारी डबा खाताना मी विषय काढला. म्हटले, "सुभेदारसाहेब, चाप ओढायचा म्हणजे नेमकं—"

त्यांनी चपाती खाली ठेवली. "सायब, हितंच चुकतंय. चाप वढायचा नसतो, दाबायचा असतो. वढला की नळी हाललीच म्हणून समजा."

मराठी भाषा इतकी वर्षे 'चाप ओढला' असे लिहिते आहे आणि एकाही समीक्षकाने तिला हटकले नाही! त्याच क्षणी माझ्यातला समीक्षक जागा झाला. त्या आठवड्यात मी जे वाचले, विचारले आणि पाहिले, त्याचे हे रसग्रहण.

पहिली कृती, कंपनीचा मूळ चाप. याला जोर लागतो पाच-सहा पौंडांचा, म्हणजे सव्वादोन-पावणेतीन किलो. आता गंमत पाहा. त्या रायफलीचे स्वतःचे वजन पाच पौंडांच्या घरात. जी वस्तू उचलायला जेवढा जोर लागतो तेवढाच किंवा त्याहून जास्त जोर तिच्यातली एक कळ दाबायला! मग कळ हलण्याआधी वस्तूच हलते. आमच्या स्टीलच्या कपाटाचे असेच आहे. खण उघडायला जावे तर कपाट पुढे येते. शिवाय या चापाला घसट आहे. दाबायला लागल्यावर तो थोडा सरकतो, अडखळतो, पुन्हा सरकतो, आणि गोळी नेमकी कधी सुटणार ते शेवटपर्यंत कळत नाही. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर प्रस्तावना लांबली आहे आणि मुख्य विषय कुठे सुरू झाला ते वाचकाला सांगितलेले नाही. आणि सुटल्यावरही चाप थांबत नाही, मागे जातच राहतो. आभारप्रदर्शन झाल्यावर "फक्त दोनच शब्द" म्हणत उभ्या राहणाऱ्या वक्त्यासारखा. त्या शेवटच्या हिसक्यानेही नेम ढळतो.

पण या कृतीचा एक गुण प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ती कोणाच्या चुकून लागलेल्या बोटाने सुटत नाही. कंपनीने हा चाप जड ठेवला तो मूर्खपणाने नव्हे. तिला गिऱ्हाईक माहीत नाही, त्याचे बोट माहीत नाही, घरात लहान मूल आहे की काय तेही माहीत नाही.

दुसरी कृती, त्याच कंपनीचा सुधारित चाप, नाव बीएक्स. जोर अडीच ते तीन पौंड, म्हणजे मूळच्या निम्मा. घसट जवळजवळ नाही. काचेची काडी मोडावी तसा टचकन तुटतो. भाच्याचे मन यावर बसले होते, आणि त्याचे कारणही त्याने सांगितले : "मामा, सगळे हाच घेतात." मध्यमवर्गात वाढलेले मूल टेक्सासला गेले तरी मिक्सर शेजारणीचा बघूनच घेते.

वाईट नाही ही कृती. पण तिला पायरी एकच. बोट ठेवले, दाबले, सुटली. आणि याच्याहीपेक्षा हलके चाप बाजारात मिळतात; 'केसासारखा हलका' अशी त्यांची तारीफ होते. मला ती तारीफ वाचून घाम फुटला. इतका हलका चाप धक्क्यानेसुद्धा सुटायची भीती, आणि थंडीत बोट बधिर झाले की आपण दाबतो आहोत हे आपल्यालाच कळायचे नाही. नेमबाजीचे नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. आपल्या राही सरनोबतने २०१८ साली पालेमबांगहून आशियाई सुवर्ण आणले ते २५ मीटर पिस्तुलावर. ते पिस्तूलही बावीस बोअरचे आणि अर्धस्वयंचलितच असते. त्याच्या चापाला एक किलोचे वजन लावून बघतात. वजन तोलून धरले तर ठीक, सुटला तर स्पर्धेत घेत नाहीत. म्हणजे हलका तो चांगला हा नियम सुवर्णपदकालासुद्धा लागू नाही.

तिसरी कृती समजायला मला वरळी गाठावी लागली. आमच्या सोसायटीतली एक कॉलेजकन्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर एअर रायफलचा सराव करते. तिच्याबरोबर एका रविवारी गेलो. दहा मीटरवर निशाण, आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अर्धा मिलिमीटर! चेकवरची सही जुळते की नाही हे मी यापेक्षा उदार मनाने बघतो. पंचाहत्तर मिनिटांत साठ गोळ्या. या खेळात रायफलीच्या चापाला वजनाची खालची मर्यादा नाही, काहींचा शंभर ग्रॅमचाही नसतो. पण तो असतो दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा मऊ. बोट सहज मागे येते आणि एका जागी भिंतीला टेकावे तसे अडते. तिथे गोळी सुटलेली नसते. आता आणखी जराशी दाबली की सुटणार, हे बोटाला स्वच्छ कळते. आणि नाही दाबली, तर?

तेच मी पाहिले. ती मुलगी उभी राहिली, गाल टेकवला, श्वास थांबवला. आता सुटणार म्हणून मी माझाही श्वास थांबवला. आणि तिने बोट काढून घेतले, रायफल खाली स्टँडवर ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा मारली.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "दोनदा बिघडली का ग?"

ती हसली. "नाही काका. नेम जमला नव्हता. मग नाही मारायची. सर म्हणतात, न मारलेल्या गोळीचे गुण कापत नाहीत."

हे सुभेदारांना सांगितले तर ते म्हणाले, "त्यात नवीन काय? आमच्या उस्तादानं थ्री-नॉट-थ्रीवर हेच शिकवलं. पयल्या दाबाला थांबायचं. तिथं इचार करायचा. मग दुसरा दाब." शंभर वर्षांहून जुन्या त्या फौजी रायफलीचा चाप दोन टप्प्यांचाच होता. म्हणजे सुधारणा म्हणून आज जे विकायला ठेवले आहे ते आजोबांच्या ट्रंकेत होतेच.

तेव्हा समीक्षकाचा निर्णय असा : तिसरी कृती श्रेष्ठ. चाप हलका की जड हा दुय्यम मुद्दा. तो सुटण्याआधी सांगतो की नाही हा खरा. टेन-ट्वेंटीटूला बसणारे दोन टप्प्यांचे चाप बाहेरचे कारागीर करतात; त्यातला एक घ्यावा, जाणत्याकडून बसवून घ्यावा आणि फार हलका करू नये. आणि घेण्याआधी काही महिने मूळ चापावरच, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला कोरडा सराव करावा. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलचे कांस्यपदक घेतले तेव्हा सर्वांनी तो रेल्वेत तिकीट तपासनीस असल्याचे कौतुक केले. मला त्यात नवल वाटले नाही. मुंबईच्या लोकलमध्ये विनातिकीट प्रवाशाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे याहून मोठा बोटाचा सराव कोणता?

पुढच्या रविवारी मी भाच्याला हे सारे फोनवर वाचून दाखवले. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तू एवढं सगळं माझ्यासाठी केलंस?"

मी म्हटले, "हेड ऑफिसला एवढा मोठा रिपोर्ट कधी पाठवला नाही." आणि त्याच ओघात विचारले, "गणपतीला येतोस ना? ताई वाट बघत्येय."

"नाही रे जमणार, मामा. या वर्षी पण नाही."

माझ्या जिभेचा चाप जन्मापासून एकाच टप्प्याचा. तीन वर्षांपूर्वीचे ते वाक्य जसेच्या तसे गळ्यातून निघाले. 'आई' आले, 'म्हातारपण' आले, 'डॉलर' दातांपर्यंत आला. तिथे मला काहीतरी टेकल्यासारखे वाटले. मी थांबलो. नेम जमला नव्हता.

"मामा? आहेस ना लाईनवर?"

"आहे रे," म्हटले, "रायफल खाली ठेवत होतो."

"कुठली रायफल?"

"घरचीच आहे. फार जुनी. तिचा चाप बदलायला टाकलाय."

तो हसला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "आईची शुगर कशी आहे रे?" आणि आम्ही त्यानंतर पाऊण तास बोललो.