कचरा, हिरवा डबा आणि नवा बाजार

मोबाईलवरच्या बाजाराला जात नाही, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. गिऱ्हाईक दिसतच नाही. त्यामुळे पुडी वरून टाकणारा, नाण्यांवर पाणी शिंपडून ती उचलणारा दुकानदारही संपला, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या आईबापांनी दुकानाच्या पायरीखाली उभे राहून मीठ-मिरची घेतली, त्या पिढीला या सोयीचे मोल कळते. परंतु बाजार मालाबरोबर एक दृष्टीही विकत असतो. ती जाहिरातीत उघडी पडते. म्हणून जाहिरातही कथा-कवितेइतक्याच कसोशीने वाचली पाहिजे.

घरपोच जेवण पुरवणाऱ्या झोमॅटो कंपनीने जून २०२३ मध्ये, पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, एक जाहिरात प्रसृत केली. 'लगान' (२००१) या चित्रपटातील कचरा हा अस्पृश्य, अधू हाताचा, जवळजवळ अबोल. ती भूमिका करणाऱ्या आदित्य लाखिया यांनाच जाहिरातीत टेबल, दिवा, टॉवेल, कुंडी बनवले. टाकाऊ प्लॅस्टिकपासून घडवलेल्या या वस्तू! सारा विनोद 'कचरा' या नावावर उभा. चित्रपटातला कचरा नायकाच्या औदार्याने संघात येतो खरा. पण तेथे तो निदान बळी तरी घेतो. जाहिरातीत तो हालचालही करीत नाही. लोक त्याच्यावर वस्तू ठेवतात, हात पुसतात.

शूद्राचे नाव तुच्छतादर्शक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. आमच्या वस्त्यांतली कचरू, धोंड्या, दगडू ही नावे आठवली, की या विनोदाची मुळे कोठे आहेत ते कळते. निषेध झाला, अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली, जाहिरात मागे घेतली गेली. नकळत काहींच्या भावना दुखावल्या असतील, असा कंपनीचा खुलासा. प्रश्न भावनांचा नव्हताच. माणसाला वस्तू करण्याचा होता. आणि लिहिणाऱ्यापासून मंजुरी देणाऱ्यापर्यंत कोणालाच काही खटकू नये, हे 'नकळत' घडणे अधिक गंभीर आहे.

पुढे १९ मार्च २०२४ रोजी याच कंपनीने 'शुद्ध शाकाहारी' गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला: हिरवा पोशाख, हिरवा डबा. टीका होताच दुसऱ्या दिवशी पोशाखाचा वेगळेपणा रद्द झाला. ताफा मात्र ठेवण्याचे ठरले. लाल पोशाखामुळे गिऱ्हाइकांना घरमालकांचा त्रास होऊ शकेल, हेही कंपनीच्या प्रमुखांनी मान्य केले. म्हणजे दारात कोणता रंग उभा राहतो यावर भाड्याचे घर टिकते! तो दिवस २० मार्च होता. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.

संविधानाच्या कलम १५ ने दुकाने व उपाहारगृहे जातीच्या कारणावरून कोणालाही बंद ठेवता येणार नाहीत, असे ठरवले. तेथे विटाळ मानणारा दुकानदार होता, त्याला जाब विचारता येत होता. आता विटाळ गिऱ्हाइकाची 'आवड' होऊन आला आहे. आवडीवर खटला कसा भरणार? आणि डबा आणणारा पोरगा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्याच्या हाताचे काय?

आपल्या नियतकालिकांनी पुस्तकांबरोबर जाहिरातींचेही परीक्षण छापावे, आणि महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी ते लिहावे. जाहिराती रोज त्यांच्या हातात असतातच.