पाडसाला एवढं केशरी कोण करतं?

मेहकर-लोणार पट्ट्यातले फोटो टाकणारी काही इन्स्टा खाती मी नेमाने पाहते. हिवाळा लागला की त्यांच्यावर एक फोटो हमखास येतो. संध्याकाळ, मागून येणारं ऊन, कानांच्या कडा पेटल्यासारख्या आणि मधोमध काळविटाचं पाडस. फोटो वेगवेगळ्या पोरांनी काढलेले, पण रंग सगळ्यांचा एकच: गवत सोन्याचं, सावल्या निळसर, पाडस थेट नागपुरी संत्र्याच्या जातीचं. (काळवीट शास्त्राच्या हिशेबाने अँटिलोप, पण आपल्याकडे ते हरीणच.)

एडिटिंगला माझी हरकत नाही. ‘नो फिल्टर’ लिहिणाऱ्यांवर माझा जास्त संशय आहे. मावळतीचं ऊन पिवळं-तांबूस असतं आणि फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स ते पिवळेपण दोष समजून बरंचसं धुऊन काढतो. शिवाय बहुतेक सेन्सरवर एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने भरले जातात. म्हणजे फोटो हातात येतो तेव्हाच तो अर्धाअधिक एडिट झालेला असतो. गेलेली संध्याकाळ परत आणायला व्हाइट बॅलन्स उबदार केला, तर ती दुरुस्तीच झाली.

खटकतो तो पुढचा टप्पा. फक्त केशरी रंगाचा स्लायडर धरून वर ओढायचा. त्याने पाडस गवतातून उठून दिसतं, आणि पाडसाचा रंग तर नेमका याच्या उलट कामासाठी आहे. काळविटाची मादी पिल्लाला सुरुवातीचे दिवस गवतात लपवून ठेवते. ती चरायला जाते, पाजायला परत येते. मधल्या वेळात पिल्लू निपचित पडून राहतं. वाळलेल्या गवताशी मिसळणारी ती फिकी तपकिरी कातडी हेच त्याचं संरक्षण. नर काळा होतो तो पुढे वयात आल्यावर. गंमत म्हणजे आपण वाढवलेलं ते केशरी पाडसाच्या आईलाही दिसत नाही आणि लांडग्यालाही नाही. दोघांनाही लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ते फक्त आपल्या लाइक्ससाठी आहे.

रंगापेक्षा गंभीर गोष्ट याच फोटोंत वाचता येते, ती म्हणजे अंतर. फोनची मुख्य लेन्स वाइड असते. तिच्यात पाडसाने अर्धी फ्रेम भरली असेल, तर फोटो काढणारा चार-पाच फुटांवर बसलेला आहे हे समजा. मागची धूसरता पोर्ट्रेट मोडची आहे का, हे कानांच्या केसांभोवतीच्या खरवडलेल्या कडा सांगतात. मग पाडसाकडे बघा. मान जमिनीला टेकलेली, कान पाठीला चिकटवलेले, डोळे ताठ. खाली कॅप्शन असतं, ‘किती गोड पोज दिली!’ ती पोज नाही. जीव मुठीत धरून गोठून पडणं आहे ते. माणूस तिथे रेंगाळला तर आई लांब उभी राहते, दूध राहतं, आणि गावातली मोकाट कुत्री माणसाच्या मागोमाग येतात ते वेगळंच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला तो फोटो बघवत नाही. त्यात सुंदर म्हणून दाखवलेली गोष्ट भीती आहे, आणि सोनेरी रंग तिच्यावर घातलेलं पांघरूण.

अविश्वसनीय रंगाचा फोटो पटू शकतो, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय. जून २०२०मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा अनेकांना फोटो एडिट केलेलेच वाटले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत कारण सापडलं: खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. मला त्या वेळी पटले ते साधे फोटो, ज्यांत काठची झाडं नेहमीसारखी हिरवी होती आणि चिखल चिखलासारखा. एक रंग खरा वाटायला बाकीचे जागेवर राहावे लागतात. प्रीसेट सगळ्यांनाच हलवतो.

आणि प्रीसेटच्या जोडीला हल्ली पुसण्याचं बटण आहे. आपल्याकडची हरणं काही कोऱ्या माळावर उभी नसतात. ती हरभऱ्यात, तुरीत, सोयाबीनमध्ये असतात. शेताच्या कडेने जुन्या साड्या बांधलेल्या असतात, जांभळ्या, पोपटी, गुलाबी. हरणं आणि रोही बिचकावीत म्हणून. त्याच शेतात रात्रभर राखण करणारा माणूस असतो. फोटोत साडी ‘डिस्टर्बिंग’ वाटते म्हणून बोटाने पुसली जाते, आणि हरभऱ्याचं पिवळं गवत होतं. ज्याचं पीक ते पाडस खातंय त्या शेतकऱ्यालाही त्याच बोटाने पुसलं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत, चौघांना मिळून एकच डोकं. यापेक्षा मोठी ‘एडिटिंग’ काय असणार? पण ती लपवलेली नाही. कोणत्याही धडाकडून नजर त्या डोक्याशी जाते, आणि चौघांची वेगवेगळी बसण्या-वळण्याची लकब नीट बघितलेल्या माणसाचीच आहे.

या हिवाळ्यात मी एकच फोटो सेव्ह केला. सूर्य बुडून गेलेला, उजेड राखी, अंधारामुळे दाणे आलेले. पाडस फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढं. पहिल्यांदा तर ते दिसतच नाही. मागे जांभळ्या साडीची कड वाऱ्याने फुगलेली. फोटोतला सगळ्यात भडक रंग तोच, आणि त्याला हात लावलेला नाही. साडीपलीकडे दोन कान उभे आहेत, कॅमेऱ्याकडे वळलेले.