विद्युत्संरक्षणातील ‘विश्वसनीयता’ : एक अर्थविचार

विद्युत्जालाच्या संरक्षणव्यवस्थेसंबंधी ‘विश्वसनीयता’ हा शब्द योजला जातो तेव्हा त्यात दोन भिन्न गुण अभिप्रेत असतात. दोष उद्भवताच रिलेने सर्किट ब्रेकर उघडवून दोषयुक्त भाग तोडावा, हा पहिला; त्यास तत्परता म्हणता येईल. दोष नसता त्याने स्वस्थ राहावे, हा दुसरा. तो संयम होय. एकाची वाढ बहुधा दुसऱ्याला बाधक ठरते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी कोलमडलेल्या वीजपुरवठ्याविषयी चौकशी समितीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सादर केलेला अहवाल या भेदाच्या कसोटीवर तपासण्याजोगा आहे.

३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि पाठोपाठ उत्तर विभागाचे जाल कोसळले. वाहिनीवर दोष नव्हता. अंतरमापी रिले विद्युत्दाबाला प्रवाहाने भागून येणाऱ्या संरोधावरून दोषाचे अंतर ताडतो. अतिभारामुळे प्रवाह चढला, दाब उतरला, भागाकार लहान झाला. रिलेच्या तिसऱ्या टप्प्याने भारालाच दूरचा दोष मानले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर एकाच चिन्हाला दोन अर्थ होते आणि संदर्भ पाहण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी आरंभ पुन्हा याच वाहिनीपासून झाला. या वेळी उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग अंधारात गेले.

समितीने सारा दोष रिलेच्या माथी मारला नाही. बंद असलेल्या वाहिन्या व राज्यांची अतिरिक्त उचल यांचीही दखल घेतली. भार व दोष यांत भेद करण्याची तंत्रे उपलब्ध असल्याचे सांगून तिसऱ्या टप्प्याचा तत्काळ फेरविचार सुचविला, हे तिचे श्रेय. त्रयस्थ तपासणीची तिची शिफारस मात्र अपुरी वाटते. पूर्वीच्या समित्यांनीही ती केली होती, असे अहवालच नमूद करतो. तथापि तत्परतेचा भंग आणि संयमाचा भंग यांची पृथक् मोजदाद या शिफारशीत मागितलेली नाही.

ती का हवी, हे साध्या गणिताने कळेल. प्रत्येक रिले १०० प्रसंगी एकदा निष्क्रिय राहतो व तितक्याच प्रमाणात अकारण चालतो, असे गृहीत धरू. दोहोंपैकी कोणाही एकाची आज्ञा पुरेशी मानल्यास निष्क्रियता १०,००० त १ वर येते. अकारण क्रिया मात्र १०० त जवळजवळ २ होते. तिघांपैकी दोघांचे मत घेतल्यास दोन्ही प्रमाद १०,००० त सुमारे ३ उरतात. परंतु हे गणित प्रमाद परस्परस्वतंत्र असतील तरच खरे. बीना येथे एकाच मांडणीचे तीन रिले असते, तर तिघांनीही एकमुखाने चुकीचाच कौल दिला असता.

यंत्र दिलेल्या आज्ञेप्रमाणे चालले. आज्ञाच सदोष होती. म्हणून तपासणीचा विषय केवळ यंत्र नसून, बदलत्या भाराच्या संदर्भात त्याला दिलेली मांडणी हा असला पाहिजे.