मेरी फेंटन : चरित्र व आख्यायिका

पारशी रंगभूमीवरील नटी मेरी फेंटन हिचें म्हणून जें चरित्र सांगितलें जातें, त्यांत पुरावा थोडा व आख्यायिका फार. मसुरीजवळील लंढौर येथील जन्म, आयरिश शिपाई मॅथ्यू फेंटन हा पिता, बाप्तिस्म्याचें नांव मेरी जेन, एवढें तरी नांवनिशीवार सांगतां येतें. जादूच्या कंदिलाचे खेळ करीत असतां कावसजी पालनजी खटाऊ यांची गांठ पडून ती नाटकांत शिरली, ही कथा मात्र नाटकवाल्यांच्या सांगण्यांतली. आणि असलें सांगणें फार उशिरा छापलें गेलें. धनजीभाई पटेलांची तवारीखच १९३१ ची आहे.

सर्व लेखक तिच्या गुजराती व उर्दू उच्चारांची वाखाणणी करितात. ते तिला कोणीं शिकविले, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं! इकडे किर्लोस्कर मंडळींत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन गाजत असतां, तिकडे एक गोरी बाई ‘गामडेनी गोरी’ नाटकांत देशी नायिका साकारते, हा खरा विचारार्ह प्रश्न. त्याची जागा प्रेमकथेनें अडविली आहे.

अशा फिरत्या मंडळ्यांचा तत्कालीन पुरावा म्हणजे हस्तपत्रकें. आगगाडी १८६७ सालीं वऱ्हाडांतून नागपुरास पोहोंचली. लोहमार्गापासून दूरच्या पातूरसारख्या गांवींही पोथ्यांचीं बासनें सोडतांना पुठ्ठ्यास डकविलेला छापील कागद टाकून देऊं नये. तो आधीं वाचावा, त्यावरील तारीख टिपून ठेवावी.