अद्भुताचे कायदे

टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि अडलेल्या प्रसंगाचा निकाल फासे लावतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने रुजवलेला हा रोल-प्लेइंग खेळ आता पुण्या-मुंबईतही खेळला जातो. नियमांचं पुस्तक विकत मिळतं. कस लागतो तो खेळाचं जग उभं करताना, आणि तिथे सध्या आपण कमी पडतो आहोत. जगं दिपवणारी असतात, पण त्यांच्यावर विश्वास बसत नाही. विश्वास नाही म्हणून थरारही टिकत नाही, कारण जिथे काहीही घडू शकतं तिथे कशाचीच धास्ती उरत नाही.

मराठीला अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. हळब्यांची अद्भुतरम्य कादंबरी ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी वाड्यातल्या माजघरात आणली, ते उत्तमच झालं. पण त्यानंतर आपल्या समीक्षेने अद्भुताला पोरखेळ समजून बाजूला सारलं. त्यामुळे काल्पनिक जग कशाच्या बळावर उभं राहतं, ही चर्चा मराठीत फारशी झालीच नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ हा व्हिडिओ गेम आणला. असुरांनी पळवलेल्या गोलूला, आपल्या धाकट्या भावाला, शोधत निघालेली राजी, तिला मिळणारी देवांची अस्त्रं, पहाडी चित्रशैलीची आठवण देणाऱ्या भिंती, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. डोळ्यांचं पारणं फिटतं. हा रोल-प्लेइंग नव्हे, मारधाडीचा खेळ. त्याच्याकडून सगळं मागणं रास्त नाही. तरीही एवढ्या देखण्या महालांत कोण राहत होतं, काय पिकवत होतं, कोणाला भीत होतं, हे कळत नाही. अस्त्रं आपली, वास्तू आपल्या, संसार मात्र कोणाचाच नाही. आपल्याकडच्या बहुतेक पौराणिक खेळांचं हेच दुखणं आहे.

याच्या उलट ग्रेग स्टॅफर्डचं ‘ग्लोरान्था’. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाला पार्श्वभूमी असलेल्या या जगात माणूस आधी कुळाचा आणि देवाचा असतो, मग योद्धा. जादू मिळते ती त्या नात्यातून, आणि त्या नात्याची बंधनंही सोबत येतात.

अशा घट्ट विणीचं जग पाहायला परदेशी जायला नको. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनापासून जवळ, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास देशभरातले गोंड बांधव इथे लोटतात. प्रचलित कथा अशी: गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा, आत कोंडलेली मुलं. गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला येतो. शिळा हलते ती हिरासुका पाटालीरच्या संगीताच्या सामर्थ्याने, आणि घरंगळलेल्या त्याच शिळेखाली तो वादक चिरडून मरतो. या एका मृत्यूने कथेला वजन येतं. चमत्कार झाला, पण फुकट झाला नाही.

सुटलेल्या मुलांची पुढे लिंगो व्यवस्था लावतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट. एका गटात सोयरीक होत नाही. प्रत्येक कुळाने राखायचे प्राणी, पक्षी, झाड ठरलेले. म्हणजे गुहेत जे घडलं ते आजही लग्न जुळवताना आणि जंगलात कुऱ्हाड उचलताना आडवं येतं. जगाच्या उत्पत्तीचा रोजच्या निर्णयाशी इतका थेट संबंध मोठमोठ्या लेखकांच्या कल्पित विश्वांतही क्वचितच दिसतो.

याच जिल्ह्यातलं नवेगाव बांध घ्या. सातबहिणी डोंगरांच्या कुशीतला तो तलाव बांधल्याचं श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. तलाव, पाळ, पाट, खाली धानाच्या बांध्या, सभोवार वाघाचं जंगल. आता सूत्रधाराने एवढंच सांगावं: मृग कोरडा गेला, पाणी पाळीच्या तळाशी आहे, पहिलं पाणी कोणाच्या बांधीत सोडायचं यावरून गावात दोन तट पडलेत. पाळीवर रात्री एक जनावर येऊन बसतं आणि पाटाचं दार उघडायला कोणालाच जाऊ देत नाही. नेम धरू शकणारी गावात एकच बाई, आणि तिच्या कुळाने राखायचं जनावर नेमकं तेच. इथे फासा पडायच्या आधीच खेळणाऱ्यांचा श्वास अडकतो. जनावराच्या अंगात किती बळ आहे याचा हिशेब दुय्यम ठरतो; बाईने नेम धरला तर तिचं कुळात काय होईल, नाही धरला तर धान कसं वाचेल, यावर टेबलाभोवती रात्र सरेल.

मात्र कचारगड ही कोणी उचलून न्यावी अशी सामग्री नव्हे. तिथे लोक नवस घेऊन, डोकं टेकवायला येतात. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोया पुनेमची, म्हणजे गोंड धर्माची, मांडणी करण्यात आयुष्य घातलं. शहरातल्या कोणी लिंगोला चार आकडे चिकटवून पात्र म्हणून विकायला काढलं, तर ते उथळ तर होईलच, अपमानकारकही होईल. बाहेरच्याने इथून रचना शिकावी: किंमत मोजूनच घडणारा चमत्कार, कुळाला बांधलेली बंधनं, पाण्याच्या वाटणीवर उभं गाव. दैवतं आणि नावं त्याने स्वतःची घडवावीत. लिंगोचीच कथा खेळात आणायची की नाही, आणायची तर कोणत्या मर्यादेत, हे सालेकसा-देवरीकडच्या गोंड मुलामुलींनी, आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवायचं आहे. त्यांनी गोंडीत किंवा झाडीबोलीत असा खेळ रचायला घेतला, तर प्रकाशकांनी आणि खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी पैसा त्यांच्या हाती द्यावा आणि कथेवरचा हक्कही त्यांच्याकडेच ठेवावा.